सातधारीची शिट्टी

“ही बाई आपल्या मागून का चालते?” मी निशिकांतच्या कानाशी लागून विचारलं.

“म्हणजे?”

“वाट दाखवणाऱ्यानं पुढे चालायचं असतं.”

निशिकांत माझा नवरा. त्यानं कॅमेऱ्यातून डोळाही काढला नाही. “पाय घसरला तर धरायला मागे असतात, शर्वरी. नाक्यावर सांगितलं ना त्यांनी.”

सांगितलं होतं. पण सांगितलेलं सगळं खरं मानणाऱ्यांतली मी नव्हे. आता अठरा वर्षांनी मी जरा सुधारलेय असं घरचे म्हणतात, पण तेव्हा मी एकतीस वर्षांची होते आणि माझा संशय ऐन भरात होता. दूध आलं की आधी वास घेणार, गॅसच्या टाकीचं सील दोनदा तपासणार, रिक्षा जरा वेगळ्या गल्लीत वळली की “अहो, इकडून कुठे?” म्हणून ओरडणार. भाजीवाली हसून बोलली की मी तिच्या तराजूकडे बघायचे. निशिकांत म्हणायचा, तुला पोलिसांत घ्यायला हवं होतं.

सातधारीची घळ बघायचा हट्ट त्याचा. सोनगी नदी डोंगर चिरत खाली येते आणि येता येता सात ठिकाणी कोसळते, म्हणून सातधारी. गौरी-गणपती नुकतेच झाले होते. उतारावर पिवळीधमक सोनकी फुलली होती आणि घळीत पाणी एवढं, की शेजारी उभ्या माणसाचं बोलणं ऐकू येईना. गावानं तिथं नियम केला होता: गावातली एक बाई सोबत घेतल्याशिवाय कुणी घळीत उतरायचं नाही. गावचे बहुतेक पुरुष मुंबईला कामाला, म्हणून हे काम बायकांचं. प्रत्येकीच्या गळ्यात काळ्या दोरीला एक लाल शिट्टी. पाणी चढायला लागलं, कुणी घसरलं, कुणी चुकलं की वाजवायची.

नाक्यावर बबनराव नावाचे गृहस्थ टेबल टाकून बसले होते. मी त्यांना पहिला प्रश्न विचारला तो हा, “आमची वस्तू चोरीला गेली तर जबाबदार कोण?”

माझ्या सासूबाई शेजारीच बाकावर बसल्या होत्या. त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या. त्यांचे गुडघे दुखायचे, त्यामुळे त्या नाक्यावरच चहा घेत थांबणार होत्या.

“आजवर तसं झालं न्हाय, ताई,” बबनराव म्हणाले. “आन् झालंच, तर आमचा कायदा येकच. लेखी तक्रार आली की शिट्टी काढून घ्यायची. मग त्या बाईला ती पुन्यांदा न्हाय.”

आमच्या वाट्याला आली ती फुलाबाई पारठे. चाळिशीची, काटकुळी, नऊवारी गुडघ्यापर्यंत खोचलेली, पायात प्लॅस्टिकचे बूट. कपाळ मोकळं. आईंनी, म्हणजे सासूबाईंनी, लगेच तिची चौकशी सुरू केली आणि तिनं आईंची. दोन मिनिटांत दोघींचं जमलं. फुलाबाईचा नवरा चार वर्षांपूर्वी वीज पडून गेला होता. मुलगी वेल्ह्याला वसतिगृहात, दहावीला. “ही शिट्टी हाय म्हनून पोरगी साळंत हाय, मावशी,” ती म्हणाली. माझे सासरे जाऊनही तीनच वर्षं झाली होती. आईंनी तेही सांगितलं. माझ्या मनात आलं, पहिल्या दोन मिनिटांत घरची सगळी माहिती काढून घेतली की हिनं.

वाटेला लागताना तिनं माझ्या गळ्याकडे बघितलं.

“ताई, गळ्यातलं आत घाला. पुढं करवंदीच्या जाळ्या हायेत. आडकतंय.”

“राहू दे,” मी म्हटलं. बरी नजर आहे बाईची, मनात म्हटलं. आल्या आल्या सोनंच दिसलं.

खरं तर आईही आठ दिवस माझ्या मागे लागल्या होत्या, शर्वरी, त्याचा दोरा झिजलाय, ओवून घे. मी आज करते, उद्या करते म्हणत होते. पण ते आईंनी सांगणं वेगळं आणि या बाईनं सांगणं वेगळं.

पहिल्या तीन धारा सोप्या होत्या. कातळात खोदलेल्या पायऱ्या, कडेला लोखंडी साखळी. फुलाबाई मागून सूचना द्यायची, “हितं शेवाळ हाय, पाय आडवा टाका.” “ह्या दगडाव बसू नका, त्यो हालतोय.” निशिकांत खूश होता, फोटो काढत पुढे पळत होता. मी मात्र दर दहा पावलांनी मागे वळून बघत होते. ती माझ्याकडेच बघत असायची. माझ्या पायांकडे बघत होती हे आता कळतं. तेव्हा मला वाटायचं, गळ्याकडे.

चौथी धार सगळ्यांत मोठी. वाट तिच्या अगदी पुढ्यातून जाते. अंगावर तुषारांचा मारा, थंडीनं कान बधिर, आणि आवाज असा की छातीत धडधडावं. एका बाजूला करवंदीची जाळी अंगावर आलेली. माझी ओढणी तिच्यात अडकली. मी चिडून हिसका दिला, ओढणी टरकन फाटून सुटली, आणि मी साखळी धरून पलीकडे गेले. निशिकांत वर पोचून हात देत होता.

तेवढ्यात फुलाबाई मागून लगबगीनं आली. तिनं एकदा वर निशिकांतकडे पाहिलं, मग माझ्या अगदी कानाजवळ तोंड आणलं आणि दबक्या आवाजात काहीतरी म्हणाली. धारेच्या आवाजात मला तीनच शब्द ऐकू आले.

“ताई… तुमचं… वाढलंय.”

आणि तिचा हात माझ्या अंगाकडे झाला.

माझ्या अंगाची लाही लाही झाली. का, ते सांगायला हवं. लग्नाला सहा वर्षं होऊन आम्हाला मूल नव्हतं. दोन वर्षं मी गोळ्या घेत होते. त्या गोळ्यांनी मूल झालं नाही, वजन मात्र अकरा किलो वाढलं. लग्नाकार्यात बायका माझ्या पोटाकडे बघायच्या आणि “काय, गोड बातमी का?” विचारायच्या. नाही म्हटलं की “मग वाढलीस गं बाई,” म्हणायच्या. त्या गणपतीत आरतीला जमलेल्या एका काकूंनी भर घरात माझ्या पोटावर हात ठेवला होता. मी न्हाणीघरात जाऊन रडले होते. हा सहलीचा घाट निशिकांतनं त्यासाठीच घातला होता. आणि इथे, या दरीत, ही कोण कुठली बाई मला तेच सांगत होती!

“तुम्हाला काय करायचंय?” मी ओरडले.

“तसं न्हवं ताई, त्ये बगा…”

“एक अक्षर बोलू नका! वाट दाखवायला आलाय ना? तेवढंच करा!”

तिनं पुन्हा तोंड उघडलं. वरून निशिकांतनं विचारलं, “काय झालं?” त्याचा आवाज ऐकताच तिनं ओठ मिटले. मान खाली घातली आणि मागे सरली.

त्यानंतर ती आमच्या बरोबर राहिलीच नाही. वीस-पंचवीस पावलं मागे. मी वळून पाहिलं तर ती वाटेवर उकिडवी बसून काहीतरी वेचत होती. वेचायची, पदराच्या टोकात घालायची, दोन पावलं पुढे यायची, पुन्हा बसायची. एकदा तर करवंदीच्या जाळीत खांद्यापर्यंत हात घातला.

“काय वेचताय हो?” मी वरून ओरडले.

तिनं पदराची गाठ मुठीत धरली. “हाय आपलं. पायाखाली येऊ ने.”

“बघितलंस?” मी निशिकांतला म्हटलं. “काहीतरी लपवतेय.”

“औषधी मुळ्या असतील. चल गं.”

पाचव्या धारेपाशी सपाट कातळ आहे. तिथं बसून आम्ही डबा उघडला. मी तिला बोलावलं नाही. ती लांब उभी होती. मग निशिकांतजवळ जाऊन, माझ्याकडे न बघता म्हणाली, “सायेब, तुमी हितनं हलू नका. वर आमची वाडी हाय. मी जाऊन आलेच.” आणि उत्तराची वाट न बघता ती बाजूच्या चढानं तरातरा निघून गेली. एका हातानं पदराची गाठ घट्ट धरलेली.

“सोडून जायचं नाही असा नियम आहे ना?” मी म्हटलं. “निघाली कुठे ही?”

“काम असेल काहीतरी. पोळी खा.”

मी पोळीचा तुकडा तोडला आणि सवयीनं ओढणी सारखी केली. हात गळ्याला लागला. गळा मोकळा होता.

त्या क्षणी काय वाटलं ते आजही नीट सांगता येत नाही. मी ओढणी काढून झटकली, कुडता झटकला. काही नाही.

“निशिकांत, मंगळसूत्र!”

तो उठला. “तुटून पडलं असेल. घाबरू नकोस, बघू आपण.”

आम्ही चौथ्या धारेपर्यंत मागे गेलो. पायरी न् पायरी बघितली. मी जाळीखाली गुडघ्यांवर बसून बघितलं. एकही काळा मणी सापडला नाही. आणि तेच मला पुरेसं होतं.

“तुटलं असतं तर मणी सांडले असते,” मी म्हटलं. “एकसुद्धा मणी नाही, बघ. तुटलं नाही ते. काढलंय. कानाशी आली होती ना माझ्या, हात पुढे केला होता, तेव्हा!”

“अगं, पण असं कसं…”

“मग ती पळाली का? सांग ना! पदरात काय होतं तिच्या?”

आम्ही खाली निघालो. अर्ध्या वाटेत असताना वरून शिट्टी ऐकू आली. लांब, एकसारखी. थोडं थांबून पुन्हा. निशिकांत थबकला. मी त्याला हाताला धरून ओढत नेलं.

नाक्यावर पोचेपर्यंत माझा आवाज चढलेला होता. बबनराव उभेच राहिले. “फुलाबाई? न्हाय वो ताई. ती तसली बाई न्हाय.”

“सगळे असंच म्हणतात. तुमचा कायदा आहे ना? द्या कागद.”

“शर्वरी,” आई म्हणाल्या, “जरा दम धर. ती येऊ दे.”

“ती येणार नाही, आई! पळालीय ती!”

बबनरावांनी वही पुढे केली. मी लिहिलं. माझं अक्षर चांगलं आहे, त्या दिवशीही चांगलंच आलं. ‘फुलाबाई पारठे या बाईने चौथ्या धारेजवळ जवळ येऊन माझ्या गळ्यातील मंगळसूत्र चोरले व ती पळून गेली. तिची नजर पहिल्यापासून त्यावर होती.’ खाली सही केली, तारीख घातली.

शिट्टी अजून वाजत होती. कधी वरून, कधी मधूनच खालून. घळीत घुमल्यामुळे नेमकी कुठून ते कळेना.

“कुनी पडलंय का काय?” बबनराव अस्वस्थ झाले. “ह्ये तर मानूस हरपल्यावानी वाजतंय.”

“नाटक आहे,” मी म्हटलं.

आणि तेवढ्यात ती वाटेच्या तोंडाशी दिसली. पळत येत होती. नऊवारी चिखलानं भरलेली, कोपर खरचटून रक्त आलेलं, शिट्टी अजून दातांत धरलेली. मागून तिशीतली एक बाई धापा टाकत येत होती, कपाळाला ठसठशीत कुंकू, हातात झाकलेली ताटली. आम्हाला बघताच फुलाबाईनं शिट्टी सोडली आणि मटकन खाली बसली.

“हितं हाय व्हय तुमी! आगं आई गं! मी म्हनलं, दोघंबी पान्यात गेली. धारंखालच्या त्या काळ्या कुंडातबी उतरून बगितलं मी. हलू नका म्हनलं हुतं की वो सायेब!”

ती रडत होती. मी म्हटलं, “माझं मंगळसूत्र कुठाय?”

“हाय की.” तिनं डोळे पुसले आणि पदराची गाठ सोडली. आत दोन्ही सोन्याच्या वाट्या होत्या, तुटका दोरा होता आणि काळे मणी होते. चिखल धुतलेले, स्वच्छ, मूठभर. “येकबी मनी सोडला न्हाय बगा. सवाष्णीचं हाय, कुनाच्या पायाखाली येऊ ने.”

सोबतच्या बाईनं ताटलीवरचं फडकं काढलं. हळद, कुंकू, आणि पिवळ्या दोऱ्यात बांधलेलं एक हळकुंड. “मी जाऊ ह्यांची, सिंधू,” ती म्हणाली. “मोकळ्या गळ्यानं घरला कशा जानार तुमी, म्हनून ह्या मला बोलवायला आल्या. ओवून हुईस्तवर हळकुंड बांधत्यात ना!”

“मग तुम्हीच का नाही दिलंत हिला, तिथल्या तिथे?” निशिकांतनं फुलाबाईला विचारलं.

“माझ्या हातानं कसं द्यायाचं, सायेब? मी ही अशी.” तिनं मोकळ्या कपाळाला बोट लावलं. “मावशीबी माज्यावानीच. म्हनून जावंला आनली.”

“निदान सांगायचं तरी! तुटलं म्हणून!”

फुलाबाईनं जीभ चावली. “आवं, सवाष्णीला तसलं म्हनत्यात का? मी म्हनलं की ताईस्नी. कानात म्हनलं, तुमी हुता म्हनून. जाळीला लोंबत हुतं, त्ये दावतबी हुते. त्या खवळल्या. मग गपच बसले.”

आई हळूहळू माझ्याकडे वळल्या. “काय म्हणाली होती ती तुला?”

“वाढलंय म्हणाली.”

“मग?”

माझा हात आपोआप पोटावर गेला.

“शर्वरी, अगं मंगळसूत्र वाढलं म्हणाली ती! नारळ आपण फोडतो का? वाढवतो. बांगडी फुटत नाही, वाढते. तुला हे ठाऊक नाही?”

मला ठाऊक होतं. घरात बांगडी पिचली की मी स्वतः ‘वाढली’ म्हणायचे. इतकी वर्षं तोंडात असलेला शब्द, आणि तो मला माझ्या पोटावरून टोमणा म्हणून ऐकू आला. लाज वाटली. इतकी, की त्या कातळाखाली जागा असती तर शिरले असते.

बबनराव वहीतलं पान फाडायला लागले. फुलाबाईनं ते पाहिलं.

“काय हाय त्ये?”

“काय न्हाय गं. ऱ्हाऊ दे.”

“माझं नाव दिसतंय त्याच्याव. मला येवढं वाचता येतंय, भाऊ. पुढचं तुमी वाचा.”

“फुलाबाई, कशाला…”

“वाचा.”

त्यांनी वाचलं. दोनच वाक्यं. माझी वाक्यं त्यांच्या तोंडून ऐकताना मला कळलं, मी किती नीटनेटकं लिहिलं होतं. ‘तिची नजर पहिल्यापासून त्यावर होती’ इथं फुलाबाईनं एकदा माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. मला वाटतं, त्या दिवसात पहिल्यांदाच तिनं मला नीट बघितलं.

आई उठल्या. गुडघ्यांवर हात टेकत तिच्यापाशी गेल्या. ताटलीतलं हळकुंड उचलून त्यांनी तिच्या पुढे धरलं. “फुलाबाई, तू बांध हिच्या गळ्यात. तुझ्या-माझ्या हातानं कुणाचं वाईट होत नाही. मी सांगते, बांध.”

तिनं हात मागे घेतले. “न्हाय मावशी. माझ्या हातानं नको.” मग म्हणाली, “आन् आता तर नकोच.”

सिंधूनं माझ्या गळ्यात दोरा बांधला. मी मान खाली घालून बसले होते, हळदीचा वास येत होता. वाट्या आणि मणी आईंनी रुमालात घेतले. बबनरावांनी कागद फाडला. फुलाबाईनं गळ्यातली शिट्टी पदरानं पुसली, फुंकून पाहिली आणि पुन्हा छातीवर सोडली. पुण्याहून आलेलं एक कुटुंब नाक्यावर येऊन उभं होतं. तिनं तशाच चिखलाच्या लुगड्यात त्यांना हाक दिली, “चला, म्होरं मी न्हाय, तुमी व्हा. मी मागनं हाय.”

मी धावत तिच्यापाशी गेले. “फुलाबाई, चुकलं माझं. फार चुकलं. माफ करा मला.”

“चुकतंय मानसाचं,” ती त्या कुटुंबातल्या आजीला हात देत म्हणाली. माझ्याकडे पाहिलं नाही.

निशिकांतनं गाडी सुरू केली होती. निघताना ‘जाते’ म्हणायचं नसतं, हे मला लहानपणापासून पाठ. मी म्हटलं, “येते हं, फुलाबाई.”

याला उत्तर एकच असतं. दारात आलेल्या परक्याला, भांडून निघालेल्या पाहुण्यालासुद्धा आपण तेच देतो. ‘या,’ म्हणतो. ‘या पुन्हा.’

ती चालायला लागली होती. थांबली, वळली.

“जावा,” म्हणाली.

आणि त्या माणसांच्या मागे मागे, त्यांच्या पायांकडे बघत घळीत उतरली. पाण्याचा आवाज तिथंही होता. पण तो एक शब्द मला स्वच्छ ऐकू आला, आणि त्याचा अर्थ मला कुणाला विचारावा लागला नाही.